थोरल्या जाऊबाईंची झडती

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी आयुष्यात किती माणसांच्या पिशव्या उलट्या केल्या, याचा हिशेब ब्रह्मदेवालाही लागायचा नाही. धक्क्यावर बोटीची वाट बघणारी माणसं बिचारी सुट्टीच्या आनंदात असायची. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर नवी टोपी, हातात खाऊची पिशवी. आणि त्यांच्या नि बोटीच्या मध्ये पत्र्याच्या शेडखाली एक लांबलचक टेबल, त्यावर पांढरं प्लॅस्टिक, आणि टेबलामागे जाऊबाई. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात चिमटा. चेहरा असा, की समोरच्याला काही केलेलं नसतानाही घाम फुटावा.

"पिशवी उलटी करा," एवढंच म्हणायच्या. कृपया वगैरे काही नाही.

पिशवी झाली की खिसे. खिसे झाले की बूट, ते फिनेलच्या तसराळ्यात बुडवून तळव्याच्या प्रत्येक खाचेतून ब्रश फिरवायचा. मग मोजे. मोज्यांत अडकलेलं एकेक कुसळ त्या चिमट्याने ओढून काढायच्या आणि झाकणाच्या डब्यात टाकायच्या. कुणाकडे फळ निघालं तर ते तिथेच खायचं आणि बिया त्यांच्या हातावर द्यायच्या. एका गृहस्थांनी बी गिळली, तर त्यांना परत पाठवायचं की जाऊ द्यायचं यावर त्या बराच वेळ विचार करत उभ्या राहिल्या होत्या. शेवटी जाऊ दिलं, पण बेटावर आडोशाला बसायचं नाही, या बोलीवर.

लोक त्यांना मागून झडतीबाई म्हणायचे. मीही म्हणायची, खोटं कशाला बोलू? माझं चहाचं दुकान धक्क्यावरच, टेबलाच्या अगदी समोर. तिथून मला सगळा तमाशा दिसायचा आणि मी गिऱ्हाइकांना तो तिखटमीठ लावून सांगायची. माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे. सासूबाई म्हणायच्या, थोरलीच्या तोंडात शब्द नाही आणि धाकटीच्या तोंडाला झाकण नाही. दोघी सुना मिळून एक धड बाई होते.

आता हे एवढं सगळं कशासाठी, तर धक्क्यासमोर पाण्यात एक लहानसं बेट आहे त्याच्यासाठी. वाळू, थोडं गवत, मधोमध खडक आणि एक राखणीची खोली, एवढाच पसारा. पण दरवर्षी तिथे सुरय पक्षी येतात. पांढरेशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, शेपटीला दोन टोकं. हजारोंनी येतात आणि वाळूतच अंडी घालतात. घरटं म्हणाल तर वाळूत पोटाने केलेला खळगा, बाकी काडी नाही की कापूस नाही. तुमच्याआमच्या पायाखाली अंडं आलं तर कळणारही नाही, इतकं ते वाळूच्या रंगाचं. त्यांना एवढा भरवसा कशाचा? तर त्या बेटावर साप नाही, मांजर नाही, उंदीर नाही. कधी नव्हतेच. त्यामुळे त्या पाखरांना अंडं लपवायचं असतं हेच ठाऊक नाही. उंदरांची एक जोडी तिकडे पोचली की सगळा खेळ खलास, आणि उंदीर एवढं पाणी पोहून येत नाहीत, माणसांच्या सामानातून येतात. परकं बी रुजलं तर अंड्यांची वाळूही तणाने झाकून जाते. म्हणून ते टेबल.

पाखरं तशी गरीब म्हणावीत तर तसंही नाही. माणूस दिसला की वरून सूर मारून टाळक्यात चोच हाणतात, आणि चोच चुकली तर दुसरं काही तरी नेमकं टाकतात. जे सगळ्यांत उंच असेल त्यावर झडप घालायची त्यांची रीत, म्हणून प्रत्येकाने डोक्यावर काठी उभी धरून चालायचं. माणसांची रांग काठ्या वर करून दोरीच्या कडेने गुमान चालली आहे आणि पुढे जाऊबाई, हे बघायला मला फार आवडायचं. मोठमोठे साहेबसुद्धा तिथे शाळकरी पोरांसारखे सरळ चालायचे.

हे काम आधी माझ्या थोरल्या दिरांचं, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याचं. ते बेटाचे राखणदार होते. पाखरं आली की मुक्कामच तिकडे टाकायचे. माणूस अगदी शांत. धक्क्यावरच्या घरी असले की ओसरीवर त्यांची आरामखुर्ची असायची. त्यांनी स्वतः बनवलेली, लाकडी, काथ्या भरून स्वतः शिवलेली बैठक. त्या खुर्चीत दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा काही नियम नव्हता, पण कुणी बसायचं नाही. छातीच्या दुखण्याने ते गेले, तेव्हा खात्याने त्यांच्या जागी जाऊबाईंना घेतलं. लोकांना वाटलं, दया म्हणून घेतलं. पहिल्याच हंगामात त्यांनी खात्याच्या बड्या साहेबांच्या बायकोची पर्स टेबलावर पालथी केली आणि त्यातून बाईंची कवळी बाहेर आली, तेव्हापासून दयेचं नाव कुणी काढलं नाही.

नात्यागोत्यालाही गय नाही. मी एकदा हौसेने बेटावर जायला निघाले. माझी पिशवी त्यांनी सगळ्यांदेखत उलटी केली आणि टेबलावर केसांच्या काळ्या रंगाची पाकिटं पडली. मागे रांगेत सगळी आमचीच ओळखीची माणसं. माझे केस या वयातही कसे काळेभोर, असं चारचौघांत कौतुक करणारी वाण्याची बायको अगदी पाठीशी उभी. जाऊबाईंनी पाकिटं शांतपणे एकेक उचलली, उजेडात धरून फुटली नाहीत ना ते बघितलं आणि परत दिली. मी त्या दिवशी बेटावर गेले नाही. नंतर किती तरी दिवस त्यांचा चहा मी मुद्दाम पाणचट केला. त्यांनी तो हूं की चूं न करता प्यायला, त्याचा मला आणखी राग आला.

आमचे हे बोट चालवतात. वयात आल्यापासून त्याच एका फेरीवर, धक्का ते बेट आणि बेट ते धक्का. त्यांचीही डब्याची पिशवी वहिनी रोज उघडून बघायच्या. हे दीर असून लहान मुलासारखे खिसे उलटे करून उभे राहायचे. वहिनींवर त्यांचा फार जीव. लहानपणी आई आजारी असायची, तेव्हा नव्या आलेल्या वहिनीनेच त्यांना जेवू घातलं, न्हाऊ घातलं. वहिनी म्हणाली की पूर्व, तर पूर्व. मी म्हटलं पूर्व, तर आधी आभाळाकडे बघणार.

आणि या सगळ्यात जाऊबाईंची स्वतःची पिशवी? ती त्यांच्या खांद्याला असायची. टेबल आवरलं की शेवटच्या फेरीला त्याही बेटावर जायच्या. त्यांची पिशवी कोण बघणार? प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. माझ्यासारख्या भांडखोर बाईच्याही आला नाही, तिथे इतरांचं काय?

मग त्यांचे गुडघे धरले. बेटावरच्या खोलीत बसायला एक मोडका बाक होता. त्यावरून उठताना त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मीच म्हटलं, ताई, तिकडे एखादी बरी खुर्ची न्या.  दोनेक दिवसांनी सकाळी घरामागच्या अडगळीच्या खोलीतून दिरांची आरामखुर्ची बाहेर निघाली. ते गेल्यापासून ती तिथेच होती, पत्र्याच्या ट्रंकेशेजारी. जाऊबाईंनी ओल्या फडक्याने तिचे हात पुसले, पाय पुसले, पायांना फिनेलही लावलं. बैठकीला हात लावला नाही. कुणीही खुर्ची बाहेर काढली की आधी बैठक काठीने बडवतं. त्यांनी बडवली नाही. त्या काथ्यात दिरांच्या बसण्याचा खळगा पडलेला होता, तो तसाच होता.

खुर्ची हातगाडीवरून धक्क्यावर आली. जाऊबाई टेबलामागे उभ्या, समोर माणसांची रांग. ह्यांनी खुर्ची उचलली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि टेबलाच्या बाजूने सरळ बोटीत नेऊन ठेवली. वर कुणी पाय ठेवू नये म्हणून तिच्याशेजारी स्वतः उभे राहिले. मी दुकानातून बघत होते. मला बरं वाटलं, एवढंच आठवतं.

त्या वर्षीची पाखरं तेव्हा नुकती येऊ लागली होती. आभाळ भरून आली. अंडीही घातली. आणि मग एक दिवस जाऊबाई संध्याकाळच्या फेरीने परत आल्या त्या माझ्या दुकानात आल्या, टेबलापाशी गेल्याच नाहीत. चहा मागितला नाही. रुमालात एक अंड्याचं कवच होतं. कडा कुरतडलेल्या, बारीक बारीक दातांच्या खुणा दिसत होत्या.

खात्याच्या मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. तरुण बाई, पण कामाची. त्यांनी बेटभर मेणाचे ठोकळे ठेवले. उंदीर असला तर ठोकळा कुरतडतो आणि दातांची खूण राहते. दोन दिवसांनी ठोकळे गोळा केले तर कितीतरी ठोकळ्यांवर खुणा. पाखरांची तर दशा बघवत नव्हती म्हणतात. आई अंड्यावर बसलेली आणि शेजारचं अंडं फुटलेलं, तरी ती उडत नाही, कारण जमिनीवरून कुणी येऊन खाईल ही गोष्ट तिच्या गावीच नाही. मॅडमनी बेट बंद केलं. पाटी लागली. धक्क्यावर शुकशुकाट झाला.

आता हे आलं कुठून? प्रत्येक पिशवी टेबलावरून गेलेली. जाऊबाईंच्या नजरेतून कुसळ सुटत नाही, उंदीर कसा सुटेल? मॅडमनी विचारलं, टेबलावरून न गेलेलं काय काय बेटावर गेलं? आणि जाऊबाईंनी सांगितलं, सिमेंटची पोती. हंगामाआधी बेटावरच्या पायऱ्या दुरुस्त केल्या, त्याची पोती गोदामातून थेट बोटीवर चढली होती. टेबल तेव्हा मांडलेलं नव्हतं. पोती कुणी नेली, तर आमच्या ह्यांनी. हे म्हणाले, मी हलवून बघितली होती. पण गोदाम म्हटलं की उंदीर आलेच, हे काय कुणाला सांगायला हवं? चौकशी होईपर्यंत बोट धक्क्याला बांधून ठेवायची, असा हुकूम निघाला. आणि दोष ठरला तर बेटाची फेरी कायमची दुसऱ्याला द्यायची.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने जन्मभर ती एकच फेरी केली, त्याला आता सांगणार, की तूच बेट बुडवलंस? आणि बोट कुणी दाखवलं, तर घरच्याच माणसाने. मी तडक शेजारी गेले आणि जाऊबाईंना जे तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला पाखरं जवळची, दीर परका. म्हटलं, ज्यांनी तुम्हाला आईच्या जागी मानलं त्यांनाच तुम्ही गोत्यात आणलंत. त्या भांडी घासत होत्या. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, जे टेबलावरून गेलं नाही ते मी सांगितलं, विचारलं म्हणून सांगितलं. आणि पुन्हा भांडी घासायला लागल्या. मी दार आपटून आले.

हे मात्र वहिनींविरुद्ध एक अक्षर बोलले नाहीत. सकाळी उठायचे, धक्क्यावर जायचे, बांधलेल्या बोटीतलं पाणी उपसायचे, दोर सैल करायचे, पुन्हा घट्ट करायचे. संध्याकाळी घरी यायचे. जेवण निम्मं टाकायचे. हसतमुख माणूस, पण त्या दिवसांत मी काहीही बोलले तरी नुसती मान हलवायचा. मला वाटायचं, भांड बाबा माझ्याशी, पण बोल.

जाऊबाई खात्याच्या बोटीने रोज बेटावर जात होत्या. सापळे लावायला, ठोकळे बदलायला. आठवडाभराने दिवेलागणीच्या सुमारास त्या आमच्या घरी आल्या. मी दार उघडलं आणि बाजूलाही झाले नाही. त्याच माझ्या बाजूने आत आल्या. हे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. जाऊबाईंनी पिशवीतून एक कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उघडली.

आत कुरतडलेल्या काथ्याचा गोळा होता, मुठीएवढा. उंदराचं घरटं. आणि त्या काथ्यात लोकरीचे धागे गुंतलेले. किरमिजी लोकर, आणि मधूनच हिरवा धागा.

मला काही विचारावं लागलं नाही. तो स्वेटर मीच विणला होता, दिरांसाठी. किरमिजी लोकर बाहीपाशी संपली म्हणून मनगटाला हिरवी लावली होती. त्यावरून सगळ्यांनी मला चिडवलं होतं आणि दिरांनी तो मुद्दाम रोज घातला होता. ते गेल्यावर जाऊबाईंनी तो घडी करून अडगळीच्या खोलीत ट्रंकेत ठेवला होता. त्या मला म्हणाल्या, येतानाच ट्रंक उघडून बघितली. मागच्या पत्र्याला गंजून भोक पडलंय. स्वेटरच्या बाह्या राहिल्या नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. खोलीतला ठोकळा सगळ्यांत जास्त कुरतडलेला निघत होता. तो का, हे त्यांना कळेना. त्या दिवशी दमून खुर्चीत बसल्या, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी ती पालथी केली. बैठकीच्या खालच्या बाजूला शिवण उसवून भोक पाडलेलं. आत हे. उंदराची पिल्लं कधीच मोठी होऊन बाहेर पडलेली. मॅडम पलीकडे सापळे बघत होत्या. त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

म्हणजे उंदीर आमच्याच घरामागच्या खोलीतून गेला होता. जाऊबाईंच्या नजरेसमोरून, ह्यांच्या छातीशी धरलेल्या खुर्चीतून.

मला एकदम हायसं वाटलं, आणि ते वाटलं म्हणून लाजही वाटली. ह्यांच्यावरचं बालंट टळलं होतं. पण हे काथ्याच्या गोळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुडी बंद केली आणि स्वतःकडे ओढून घेतली.

"वहिनी, कुणाला सांगू नका," हे म्हणाले. "पोत्यांतून आला म्हणतात ना, म्हणू द्या. मी दुसरीकडे बोट चालवीन. तुमचं तिकडे जाणं सुटलं तर तुम्ही काय कराल?"

 आणि ते तसं करणारच होते, मला माहीत होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात जाऊबाईंनी हात पुढे करून पुडी परत घेतली.

"भावजी, तुम्ही खुर्ची उलटी करून का नाही बघितलीत?"

"तुमची खुर्ची?" ह्यांना प्रश्नच कळला नाही. "दादाची?"

"तेच म्हणतेय मी," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. त्यांना रडताना मी दिरांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. "तुम्ही माझा मान ठेवलात. मी त्यांच्या बसण्याचा खळगा जपला, बैठक बडवली नाही. आपण तिघं आपली माणसं जपत बसलो आणि तिकडे पाखरांची अंडी खाल्ली गेली. हे पोत्यांच्या नावावर खपवलं तर पुढच्या वेळी पोती तपासतील. माझी पिशवी कोण तपासणार?"

ह्यांनी हात मागे घेतला. 

सकाळी त्यांनी पुडी मॅडमच्या टेबलावर ठेवली. मी सोबत गेले होते, बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं.  मॅडमचाही जाऊबाईंवर जीव होता. त्यांनी विचारलं, हे आणखी कुणी बघितलंय का? जाऊबाई म्हणाल्या, मी बघितलंय. एवढंच.

ह्यांच्या बोटीचे दोर त्याच दिवशी सुटले. जाऊबाईंना टेबलावरून काढलं. दुसरं काही करणं खात्याला शक्यच नव्हतं, आणि त्यांनी दया मागितली नाही. खुर्ची बेटावरच जाळली. त्या वेळी जाऊबाई धक्क्यावर होत्या. बेटावरून धुराची बारीक रेघ वर गेली, ती त्यांनी शेवटपर्यंत बघितली आणि घरी जाऊन अडगळीची खोली रिकामी करायला घेतली. मी मदतीला गेले. उरलेला स्वेटर माझ्या हातात देऊन म्हणाल्या, लोकर उसव, काही होत असेल तर बघ. मी तो घेतला. अजून उसवलेला नाही.

त्या हंगामातली बहुतेक अंडी गेली. पाखरं उडून गेल्यावर खात्याच्या माणसांनी बेटाचा इंचन्‌इंच सापळ्यांनी भरला. महिनोन्‌महिने तेच चाललं. हे त्यांना रोज नेत आणि आणत. घरी आले की जाऊबाई दारातूनच विचारायच्या, आज? हे सांगायचे. मग एक दिवस ठोकळे कोरे आले. पुढच्या खेपेलाही कोरे. तरी मॅडम म्हणत होत्या, एवढ्यात आनंद नको, पाखरं परत येतात का बघू. जाऊबाईंचं जेवण, झोप, सगळं त्या एका गोष्टीवर अडलं होतं. गच्चीवर उभ्याने बेटाकडे बघत राहायच्या. गुडघे दुखायचे तरी जिना चढायच्या.

मधल्या काळात टेबलावर नवं माणूस हवं होतं. मॅडमनी जाऊबाईंनाच विचारलं, कुणाला घेऊ? त्यांनी माझं नाव सांगितलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ती कुणाची भीडभाड ठेवत नाही, चहाच्या दुकानात वाया जातेय. मला हे मॅडमनी सांगितलं. आता याला कौतुक म्हणायचं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण दुकान भाचीवर सोपवून मी ब्रश हातात घेतला.

आणि पाखरं आली. पूर्वीइतकी नाही, पण आली. सकाळी उठून दार उघडते तो डोक्यावर तो कर्कश कलकलाट. मी अंगणातूनच जाऊबाईंना हाक मारली. त्या आधीच गच्चीवर होत्या. मला त्यांचा चेहरा दिसला नाही, पाठ दिसली. त्यांनी कठड्याला घट्ट धरलं होतं.

बेट उघडलं त्या पहिल्या दिवशी एकच फेरी होती. रांग दुकानाच्या पुढे गेलेली. मी टेबलामागे, कंबर कसून. पिशव्या उलट्या करते आहे, बूट घासते आहे, एका महाशयांनी पँटच्या दुमडीत अख्खं शेत आणलं होतं ते उपटते आहे. आणि रांगेत बघते तर जाऊबाई. तिकीट काढून, सगळ्यांसारख्या उभ्या. खांद्याला पिशवी.

मला कसंतरीच झालं. ज्या बाईने हे टेबल उभं केलं, तिला मी काय म्हणायचं? वर्षभरात त्या किती खचल्या होत्या, ते मी रोज बघत होते. लोकांसमोर त्यांना आणखी खाली बघायला लावायचं? त्या समोर आल्या तशी मी बाजूला सरकले आणि हळूच म्हटलं, ताई, तुम्ही बसा बोटीत.

त्या हलल्या नाहीत. मागची रांग खोळंबली. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी ओळखते, माझी पाकिटं पडली तेव्हाची. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर धरली. उलटी नाही केली. धरून राहिल्या.

मी पुन्हा टेबलामागे नीट उभी राहिले. 

"पिशवी उलटी करा," मी म्हटलं.

त्यांनी केली. चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, गुडघ्याचं मलम, रुमाल. मी पिशवीची शिवण न् शिवण बोटांनी चाचपली. रुमाल झटकला. खिसे बघितले. मग खाली बसून त्यांचे बूट घासले आणि मोजे खाली ओढले. डाव्या मोज्याच्या दुमडीत एक कुसळ निघालं. मी ते चिमट्याने ओढलं, त्यांना दाखवलं आणि डब्यात टाकलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा वर्षभराचा ताण माझ्या डोळ्यांदेखत उतरला.

त्या बोटीकडे गेल्या. ह्यांनी हात दिला, त्या चढल्या, पुढच्या फळीवर बसल्या. बाकीची माणसंही चढली. मी टेबल आवरलं, ब्रश धुतला, खुंटीवरची माझी पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाले, कारण आता काठ्या वाटायला मला जायचं असतं. फळीवर पाय ठेवणार, तोच बोटीतून जाऊबाईंचा आवाज आला.

"आणि हिची कुणी बघितली?"

अख्खी बोट माझ्याकडे वळली. वाण्याची बायको होतीच. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या.

मी मागे फिरले. ह्यांना हाक मारून टेबलाच्या पलीकडे उभं केलं, ब्रश त्यांच्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत माझी पिशवी पालथी केली. केसांच्या काळ्या रंगाची पाकिटं पांढऱ्या प्लॅस्टिकवर घसरत गेली. ह्यांनी त्यातलं एकेक उचललं, उजेडात धरून बघितलं, आणि मी खिसे बाहेर काढून उभी राहिले.